डिस्चार्ज कार्डावर राहून गेलेली ओळ : अस्थिशल्यचिकित्सकांना खुले पत्र

सन्माननीय अस्थिशल्यचिकित्सक डॉक्टर,

सविनय नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आपण मोडलेले हाड रॉड, प्लेट किंवा कृत्रिम सांध्याच्या आधाराने सावरता, आणि त्यानंतर त्या माणसाला पलंगावरून उठवून वॉकरने पहिली पावले टाकायला लावण्याचे काम माझ्याकडे येते. आपली भेट रुग्णाला महिन्या-दीड महिन्यातून एकदा होते, माझी मात्र कित्येक आठवडे जवळजवळ रोज होते. त्या रोजच्या भेटींत जे दिसत आले आहे, त्याविषयी आपल्याला काही विनंती करावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

काही महिन्यांपूर्वी ७१ वर्षांच्या एक बाई माझ्याकडे दुसऱ्यांदा आल्या. पहिल्या वेळी त्यांचा उजवा खुबा मोडला होता, या वेळी डावा. मध्ये फक्त चौदा महिने गेले होते. पहिली शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. हाड वेळेत जुळले होते, पायाची लांबी सारखी राहिली होती, आणि तीन महिन्यांनी त्या काठीशिवाय घरभर फिरत होत्या. दुसऱ्या वेळी त्या पलंगावरून उठल्या, वळताना तोल गेला आणि बसल्यासारख्या खाली आल्या. तेवढ्याने हाड मोडले. त्यांची जुनी फाइल चाळताना पहिले डिस्चार्ज कार्ड हाती लागले. त्यावर वेदनाशामक गोळी होती, प्रतिजैविक होते, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली इंजेक्शने होती, आणि कॅल्शियमही होते. ज्या ठिसूळपणामुळे हाड मोडले त्यावरचे औषध मात्र नव्हते, आणि ते कोणी, केव्हा सुरू करायचे याची नोंदही नव्हती. त्या पहिल्या तीन महिन्यांत मी त्यांना रोज भेटत होते आणि मीही ते कधी विचारले नाही, याची खंत मला आजही आहे.

माझी विनंती एकच आहे. उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून वयस्क माणसाचे हाड मोडले असेल, तर मोडलेल्या जागेच्या उपचाराबरोबरच त्या माणसाच्या सगळ्या हाडांचा उपचार आपण स्वतः सुरू करावा, किंवा निदान तो कोण आणि कोणत्या तारखेला सुरू करणार हे ठरवल्याशिवाय त्याला घरी जाऊ देऊ नये.

पहिला प्रश्न निदानाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने १९९४ साली हाडांच्या घनतेच्या तपासणीत टी-स्कोअर (निरोगी तरुण व्यक्तीच्या हाडांशी तुलना करून काढलेला आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, म्हणावे, अशी व्याख्या केली. व्याख्या उपयोगी आहे, पण तिने एक चुकीची सवयही लावली. हाडांची घनता मोजणारी ही डेक्सा तपासणी झाली नाही म्हणून निदान नाही, आणि निदान नाही म्हणून औषध नाही, अशा साखळीत कित्येक रुग्णांचे महिने निघून जातात. किरकोळ पडण्याने खुब्याचे हाड मोडणे किंवा मणका दबणे हाच त्या हाडाने दिलेला निकाल असतो, आणि त्यापुढे यंत्राचा आकडा दुय्यम ठरतो. असे फ्रॅक्चर झालेल्या अनेकांचा टी-स्कोअर उणे २.५ च्या वर असतो, हेही आपण जाणता. तपासणी अवश्य व्हावी, कारण पुढे औषधाचा परिणाम मोजायला ती लागते. मात्र तिच्यासाठी उपचार अडून राहू नये. एका फ्रॅक्चरनंतर दुसऱ्याचा धोका साधारण दुपटीने वाढतो आणि पहिल्या दोन वर्षांत तो सर्वांत जास्त असतो. नेमका तोच काळ आपण आणि मी त्या रुग्णाच्या सर्वाधिक जवळ असतो.

आता ज्या शंकेमुळे हे औषध मागे पडते, त्या शंकेविषयी थोडे सविस्तर लिहिते. आपल्यापैकी अनेकांनी मला प्रत्यक्ष बोलताना सांगितले आहे की, 'हाड जुळू दे, मग बघू.' या वाक्यामागे निष्काळजीपणा नाही, काळजीच आहे. अॅलेन्ड्रोनेट, रिसेड्रोनेट, झोलेड्रोनिक अॅसिड ही बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे हाड खाणाऱ्या पेशींना, म्हणजे ऑस्टिओक्लास्टना, आवर घालतात. हाड जुळण्याच्या प्रक्रियेत या पेशी लागतात, मग त्यांनाच रोखले तर जुळणी रेंगाळेल, असा हा तर्क आहे. तो वरवर बिनचूक वाटतो. पण जुळणीचे टप्पे एकेक करून पाहिले की त्यातली अडचण कळते.

हाड मोडल्यावर प्रथम रक्ताची गाठ साकळते आणि दाह होतो. मग त्या जागी कूर्चेचा मऊ कॅलस, म्हणजे मोडलेली टोके सांधणारा भराव, तयार होतो, त्याची जागा हळूहळू कच्च्या, विणलेल्यासारख्या हाडाचा कठीण कॅलस घेतो, आणि शेवटी कित्येक महिने, कधी काही वर्षे, तो कॅलस घडीव हाडात बदलत राहतो. मोडलेली दोन टोके एकमेकांना धरतात, ज्याला आपण क्ष-किरण चित्रावर जुळणी म्हणतो, ते मुख्यतः कठीण कॅलसच्या टप्प्यात घडते. ऑस्टिओक्लास्टचा सर्वांत मोठा वाटा त्यानंतरच्या घडाईत असतो. म्हणूनच प्राण्यांवरील प्रयोगांत बिस्फॉस्फोनेट दिल्यावर कॅलस मोठा झालेला आणि त्याची घडाई लांबलेली दिसली, परंतु त्यामुळे जोड कमकुवत झाला असे सर्वसाधारणपणे आढळले नाही. कॅलस जरा ओबडधोबड राहिला तरी तो भार पेलतो, आणि माझ्या रुग्णाला चालण्यासाठी तेवढे पुरेसे असते.

माणसांमधील सर्वांत महत्त्वाचा पुरावा २००७ सालचा आहे. खुब्याच्या फ्रॅक्चरची शस्त्रक्रिया झालेल्या २,१२७ रुग्णांवर झालेल्या होरायझन चाचणीत शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रोनिक अॅसिडचे ५ मिलिग्रॅमचे सलाइन वर्षातून एकदा दिले गेले, आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटाला औषध नसलेले सलाइन दिले गेले. औषध मिळालेल्या गटात नव्या फ्रॅक्चरचे प्रमाण ८.६ टक्के होते, तर दुसऱ्या गटात १३.९ टक्के. मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे ९.६ आणि १३.३ टक्के होते. हाड उशिरा जुळण्याच्या किंवा न जुळण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. खुबा मोडलेल्या माणसाच्या जिवावर वर्षभर केवढे सावट असते हे आपल्या दोघांनाही माहीत आहे, त्यामुळे मृत्यूचा तो आकडा मला प्रत्येक वेळी थांबून पाहावासा वाटतो.

याच चाचणीच्या पुढील विश्लेषणातून एक व्यावहारिक गोष्ट हाती आली. पहिल्या दोन आठवड्यांत ज्यांना सलाइन दिले गेले, त्यांच्यात अपेक्षित फायदा दिसला नाही. दोन आठवडे उलटल्यावर ज्यांना दिले गेले, त्यांच्यात तो दिसला. ताज्या कॅलसमध्येच औषध मोठ्या प्रमाणात अडकून उरलेल्या सांगाड्यापर्यंत कमी पोहोचत असावे, असे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले जाते. हे विश्लेषण मागाहून केलेले असल्याने त्यावर फार भार टाकू नये, हे मान्य. तरीही टाके काढायला रुग्ण येतो त्या सुमारास दोन आठवडे झालेले असतात, आणि सलाइन देण्यासाठी याहून सोयीचा दिवस मला सुचत नाही. तत्पूर्वी ड जीवनसत्त्वाची उणीव भरून काढणे, रक्तातील कॅल्शियम पाहणे आणि मूत्रपिंडाची क्षमता तपासणे आवश्यक आहे. मूत्रपिंडाची क्षमता दाखवणारा क्रिएटिनिन क्लिअरन्स मिनिटाला ३५ मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर हे औषध देऊ नये. पहिल्या सलाइननंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते, हे रुग्णाला आधीच सांगितलेले असावे. न सांगितल्यास तो दुसरे सलाइन घ्यायला येत नाही, आणि त्याचे कारण आपल्याला नव्हे, मला सांगतो.

दुसरी बाजूही मला तितक्याच स्पष्टपणे मांडायची आहे, कारण शंका जशी वाजवीपेक्षा मोठी झाली आहे तशीच आशाही काही ठिकाणी वाजवीपेक्षा मोठी झाली आहे. हाड लवकर जुळावे म्हणून टेरिपॅराटाइड या हाड घडवणाऱ्या औषधाची रोजची इंजेक्शने सुरू केलेले रुग्ण माझ्याकडे येतात, आणि 'या इंजेक्शनने माझे हाड दुप्पट वेगाने जुळेल ना?' असे विचारतात. मनगटाच्या फ्रॅक्चरवर १०२ स्त्रियांमध्ये झालेली एक चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यात २० मायक्रोग्रॅम मात्रेच्या गटात हाडाची कडा जुळायला ७.४ आठवडे लागले आणि औषध नसलेल्या गटात ९.१ आठवडे; परंतु मूळ आराखड्यात ज्या ४० मायक्रोग्रॅम मात्रेची कसोटी लागायची होती, तिच्यात असा स्पष्ट फायदा दिसला नाही. मांडीच्या हाडाच्या मानेच्या फ्रॅक्चरमध्ये टेरिपॅराटाइडमुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. त्याविषयीच्या अभ्यासाला पुरेसे रुग्णही मिळाले नाहीत. रोमोसोझुमॅब या दुसऱ्या औषधाविषयीची आशा तर अधिक पायाभूत होती. हाडातील पेशी स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन तयार करून नव्या हाडाच्या निर्मितीला लगाम घालतात आणि हे औषध तो लगाम सैल करते, त्यामुळे कॅलसही जोमाने भरेल असे वाटणे स्वाभाविक होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत, एक खुब्याच्या आणि दुसरी नडगीच्या फ्रॅक्चरवरची, तसे घडले नाही. खुब्याच्या चाचणीचे मुख्य मोजमाप रुग्णाने खुर्चीतून उठून, काही पावले चालून, परत येऊन बसायला किती सेकंद घेतले हे होते. ते मोजमाप मी रोज स्टॉपवॉच हातात घेऊन करते, आणि त्यात औषधाने फरक पडला नाही हे वाचून मी निराश झाले होते. पण जे दिसले नाही ते दिसले नाही, आणि रुग्णालाही तसेच सांगायला हवे.

म्हणून माझा आग्रह असा आहे की या औषधांचा हेतू रुग्णाला नेमक्या शब्दांत सांगितला जावा. मोडलेले हाड जुळते ते मुख्यतः आपल्या शस्त्रक्रियेने, योग्य आधाराने, योग्य वेळी टाकलेल्या भाराने आणि शरीराच्या स्वतःच्या शक्तीने. औषध असते ते उरलेल्या सांगाड्यासाठी : दुसऱ्या खुब्यासाठी, मणक्यांसाठी, मनगटासाठी, आणि ज्यात आपण स्क्रू बसवला त्या हाडाच्या पुढील वर्षांसाठी. हे स्पष्ट असले की हाड जुळल्यावर रुग्ण औषध बंद करत नाही. आज अनेक जण जुळल्याचा क्ष-किरण पाहिला की गोळी थांबवतात, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे ते बरोबरच करत असतात, कारण ती गोळी जुळण्यासाठी आहे असेच त्यांना वाटलेले असते.

ज्यांची हाडे फारच कमकुवत आहेत, त्यांच्यासाठी हाड घडवणारी औषधे निश्चितच मोलाची आहेत. मणक्याचे फ्रॅक्चर आधीच झालेल्या १,३६० स्त्रियांवरील २०१८ सालच्या व्हेरो चाचणीत दोन वर्षांत नवी मणक्याची फ्रॅक्चर टेरिपॅराटाइडच्या गटात ५.४ टक्के आणि रिसेड्रोनेटच्या गटात १२ टक्के स्त्रियांना झाली. २०१७ सालच्या आर्च चाचणीत वर्षभर रोमोसोझुमॅब आणि पुढे अॅलेन्ड्रोनेट घेतलेल्या स्त्रियांमध्ये नव्या मणक्याच्या फ्रॅक्चरचा धोका, सुरुवातीपासून केवळ अॅलेन्ड्रोनेट घेतलेल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी कमी होता. त्याच चाचणीत पहिल्या वर्षी हृदय आणि मेंदूच्या रक्तपुरवठ्याशी संबंधित गंभीर घटना रोमोसोझुमॅबच्या गटात काहीशा अधिक आढळल्या, त्यामुळे गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्यांना ते देऊ नये असा इशारा औषधाबरोबर असतो. या दोन्ही औषधांनी घडवलेले हाड टिकवायला त्यांच्यानंतर हाडाची झीज रोखणारे औषध द्यावेच लागते. हा क्रम डिस्चार्ज कार्डावर किंवा पुढच्या भेटीच्या कागदावर लिहिला गेला नाही, तर महागडा उपचार वर्षभरात विरून जातो.

हाडाची झीज रोखणाऱ्या डेनोसुमॅब या औषधाविषयी तर मला हात जोडून सांगायचे आहे. दर सहा महिन्यांनी ६० मिलिग्रॅमचे एक इंजेक्शन, ही सोय रुग्णांना आवडते, आणि २००९ सालच्या फ्रीडम चाचणीत मणक्याची फ्रॅक्चर ६८ टक्क्यांनी आणि खुब्याची ४० टक्क्यांनी कमी झाली, म्हणजे औषध गुणकारी आहे यात शंका नाही. पण त्याचे पुढचे इंजेक्शन चुकले आणि त्याच्या जागी दुसरे औषध दिले गेले नाही, तर आवरून धरलेली झीज उसळी घेते आणि काही रुग्णांत एकापाठोपाठ एक मणके दबतात. बिस्फॉस्फोनेट हाडात मुरून राहते, डेनोसुमॅब तसे राहत नाही. पाठदुखी म्हणून माझ्याकडे व्यायामासाठी पाठवलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न आता हाच विचारते की सहा महिन्यांचे कोणते इंजेक्शन घेत होता का, आणि शेवटचे कधी घेतले. जो रुग्ण पुढच्या भेटींना येईल याची खात्री नाही, त्याच्या हाती हे इंजेक्शन देण्यापूर्वी आपण दोनदा विचार करावा.

दुष्परिणामांची भीती हाही एक अडसर आहे, आणि तो केवळ रुग्णांच्या मनात नाही. जबड्याच्या हाडाचा काही भाग मृत होणे आणि मांडीच्या हाडाचे अनोखे, आडवे फ्रॅक्चर होणे, हे दोन्ही दुष्परिणाम खरे आहेत. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत ते दुर्मीळ आहेत. दक्षिण कॅलिफोर्नियातील जवळपास दोन लाख स्त्रियांच्या नोंदींवरून २०२० साली केलेल्या हिशेबात, १०,००० स्त्रियांनी तीन वर्षे बिस्फॉस्फोनेट घेतल्यास श्वेतवर्णीय स्त्रियांमध्ये खुब्याची १४९ फ्रॅक्चर टळतात आणि मांडीची अशी २ अनोखी फ्रॅक्चर होतात, तर आशियाई वंशाच्या स्त्रियांमध्ये ९१ टळतात आणि ८ होतात, असे दिसले. वंशानुसार हे प्रमाण बदलते, म्हणून आशियाई वंशाच्या रुग्णांच्या बाबतीत अधिक सावध राहणे योग्यच. पण ९१ च्या बाजूकडे पाठ फिरवणे योग्य नाही. धोका औषधाच्या वर्षांबरोबर वाढतो आणि ते थांबवल्यावर झपाट्याने उतरतो, त्यामुळे तीन ते पाच वर्षांनी फेरविचार करण्याची पद्धत आहे. अशा फ्रॅक्चरआधी बहुधा मांडीत किंवा जांघेत कित्येक आठवडे बोथट दुखत असते. ही तक्रार प्रथम ऐकणारी व्यक्ती अनेकदा मीच असते, आणि ती ऐकल्यावर स्नायूंचा ताण समजून व्यायाम न वाढवता रुग्णाला दोन्ही मांड्यांच्या क्ष-किरणासाठी आपल्याकडे पाठवणे हे माझे कर्तव्य आहे. आणि ज्या रुग्णाचे आजचे फ्रॅक्चरच या प्रकारचे आहे, त्याला अर्थातच वर मांडलेले काहीही लागू नाही; त्याचे बिस्फॉस्फोनेट थांबवायलाच हवे.

मग हे काम करायचे कोणी? आपण म्हणता की औषधे ही फिजिशियनची बाब आहे. फिजिशियन म्हणतात की हाड मोडले आहे म्हणजे ते हाडांच्या डॉक्टरांकडे आहे. या दोन वाक्यांच्या मधून रुग्ण निसटतो. अमेरिकेत खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर ऑस्टिओपोरोसिसचे औषध मिळालेल्यांचे प्रमाण २००२ साली सुमारे ४० टक्के होते आणि २०११ पर्यंत ते सुमारे २१ टक्क्यांवर आले, आणि याच काळात झोलेड्रोनिक अॅसिडचा पुरावा प्रसिद्ध झालेला होता. पुरावा वाढला, उपचार घटला. याउलट ग्लासगो येथे १९९९ पासून चालत आलेल्या फ्रॅक्चर लायझन सेवेत एक प्रशिक्षित परिचारिका फ्रॅक्चर झालेल्या प्रत्येक वयस्क रुग्णाची नोंद स्वतःहून शोधते, तपासण्या करून घेते, औषध सुरू झाले की नाही ते पाहते आणि पुढे पाठपुरावा करते. या रचनेत नवे औषध किंवा नवे यंत्र काही नाही. एका व्यक्तीच्या नावावर ती जबाबदारी लिहिलेली आहे, एवढेच. जिथे अशी सेवा नाही तिथे ती जबाबदारी तूर्त आपण घ्यावी, असे मी म्हणते त्याचे कारण आपला शब्द आहे. ज्यांनी हाड बसवले त्यांनी 'हे औषध घ्यावेच लागेल' असे म्हटल्यावर रुग्ण ते घेतो. तेच मी म्हटले तर तो विचारतो की डॉक्टरांनी का नाही सांगितले, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नसते.

प्रत्यक्षात जे करायचे ते फार नाही. डिस्चार्ज कार्डावर निदान लिहिताना 'खुब्याचे फ्रॅक्चर' एवढ्यावर न थांबता 'ऑस्टिओपोरोसिसमुळे झालेले' हे शब्द लिहावेत, कारण पुढचा प्रत्येक डॉक्टर तेच वाचून पुढचे ठरवतो. रक्तातील कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि पॅराथायरॉइड यांच्या तपासण्या रुग्ण दाखल असतानाच व्हाव्यात, आणि हाड विचित्रपणे मोडले असेल किंवा रक्तक्षय असेल तर मायलोमाचा (अस्थिमज्जेतील एका कर्करोगाचा) विचार व्हावा. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांची वेगळी नोंद व्हावी. दातांची काही मोठी दुरुस्ती बाकी असेल तर ती आधी उरकावी. औषधाचे नाव, पहिल्या मात्रेची तारीख आणि दुसऱ्या मात्रेची तारीख एका ओळीत लिहावी. आठवड्याला ७० मिलिग्रॅमची अॅलेन्ड्रोनेटची गोळी दिली असेल, तर ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवे व्हायचे नाही, हे नातेवाइकांसमोर सांगावे. ज्यांना अजून नीट बसताच येत नाही त्यांना ती गोळी न देता सलाइनचा मार्ग निवडावा. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आवश्यकच आहेत, पण त्यांच्यावर भागवू नये. घर बांधायला विटा लागतात म्हणून विटांचा ढीग म्हणजे घर नव्हे.

माझ्या बाजूने मी जे करू शकते ते सुरू केले आहे. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक वयस्क रुग्णाच्या पहिल्याच दिवशी मी डिस्चार्ज कार्ड मागते आणि हाडांच्या औषधाची ओळ शोधते. ती नसेल तर त्याच कागदामागे एक छोटी चिठ्ठी लावून रुग्णाला आपल्याकडे परत पाठवते. काही डॉक्टरांना ही चिठ्ठी आगाऊपणा वाटली, हे मला कळले आहे. त्यांचा मान राखूनच ती यापुढेही लिहिली जाईल. काहींनी त्याच दिवशी औषध सुरू करून खाली सही करून चिठ्ठी परत पाठवली, आणि त्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत. पत्राच्या सुरुवातीला ज्या बाईंविषयी लिहिले, त्यांना दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर अठराव्या दिवशी झोलेड्रोनिक अॅसिडचे सलाइन मिळाले. पुढच्या सलाइनची तारीख त्यांच्या कार्डावर आहे आणि माझ्या वहीतही आहे.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट